विहीणबाईंचा डावा हात

३ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून रोज लिहायचं. निहारला, आमच्या मुलाला, कुठल्या तरी औषधवाल्या कंपनीची डायरी मिळाली होती, वर्ष संपत आलं तरी कोरीच. म्हटलं, दे मला. चौथीपर्यंतच शाळा झाली म्हणून काय झालं? अक्षर माझं निहारपेक्षा बरं आहे. हे म्हणाले, तू काय लिहिणार, तुला बोलायलाच दिवस पुरत नाही. म्हणून तर लिहायचं. जे बोलता येत नाही ते.

मोठी बातमी. सूनबाईला, संपदाला, महिनाअखेरचे दिवस दिलेत. मी आजी होणार! इथे भाईंदरला नवघर रोडवरच्या सगळ्या दुकानदारांना सांगून झालं. इस्त्रीवाल्याला दोनदा.

दुसरी बातमी वाईट. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. पण संपदाची डॉक्टर पडली मीरा रोडची. म्हणून पोरगी माहेरी जाणार नाही, माहेरच इकडे येणार. म्हणजे विहीण. विमलाबाई, देवरुखच्या. निहारच्या तिथल्याच बेव्हर्ली पार्कच्या फ्लॅटमध्ये छोटी खोली एकच. निहार म्हणाला, आई, तिथे एकच आजी मावेल. मी म्हटलं, मावेन की, मी कुठे जास्त जागा घेते. तर म्हणे, मम्मी, म्हणजे त्याची सासू, राहतील, अशा वेळी मुलीला आपली आई लागते.

मला काही वाटलं नाही. मी समजूतदार आहे. फक्त जेवले नाही.

एक मात्र ठरलेलं. बाळाला न्हाऊ मी घालणार. मालीशवाली बाई लावू देणार नाही. पाटावर बसायचं, पाय लांब करायचे, पायावर बाळ पालथं, वरून कोमट पाणी. निहारला मीच घातलं, नणंदेच्या पोरांना मीच घातलं. विमलाबाईंच्या पायांना काही आकार आहे का? नुसत्या काड्या. बाळ फटीतून खाली पडायचं.

५ नोव्हेंबर, बुधवार

बाळाच्या डॉक्टरीणबाईंनी, शुभदाबाईंनी, आधीच नियम काढलाय. जो कोणी बाळाला उचलणार त्याने डांग्या खोकल्याची लस घ्यायची. तान्ह्या जीवाला तो खोकला जिवावर बेततो, मोठ्यांकडूनच लागतो. लस नाही तर बाळाला हात नाही.

आम्ही दोघं लगेच गेलो. ह्यांना ओढत न्यावं लागलं. मी विचारलं, साईड इफेक्ट काय? शुभदाबाई म्हणाल्या, हात दुखेल, एखाद दिवस कणकण. मग म्हणाल्या, फार मनात धरू नका आजी, काही जणांना सुईपेक्षा धास्तीच जास्त बाधते. जे होईल म्हणून वाट बघतात तेच होतं त्यांना.

मला हसूच आलं. मी आणि धास्ती! माहेरी, रायगडातल्या माणगावला, मला विंचू चावला तेव्हा मी आधी चुलीवरचा भात उतरवला, मग ओरडले.

६ नोव्हेंबर

मला काही झालं नाही. सकाळी कणीक मळली. हात थोडा दुखला, पण तो कणकेने.

ह्यांनाही काही नव्हतं. मजेत पेपर वाचत होते. ते मला बघवेना. मी सहज म्हटलं, अहो, डोळे लाल दिसतायत, ताप चढतोय वाटतं तुम्हाला. दुपारी हे गोधडीत. संध्याकाळी दुसरी गोधडी मागितली. थर्मामीटर लावला, ताप नाही. म्हणाले, आतला ताप आहे, काचेला कळत नाही. मग म्हणाले, निहारला बोलाव. मग डोळे मिटून म्हणाले, मी गेल्यावर माझी सायकल पंढरीनाथला देऊ नकोस. पंढरीनाथ म्हणजे ह्यांचा धाकटा भाऊ. तो ब्रेक मारत नाही म्हणे, पाय घासतो.

स्वयंपाक खोळंबला होता. मी म्हटलं, शुभदाबाई म्हणाल्यात आल्याचा चहा घेतला की लसीचा सगळा त्रास उतरतो. असं काही त्या म्हणाल्या नव्हत्या. हे चहा प्यायले. अर्ध्या कपात घाम आला. कप संपला तशी गोधडी लाथाडली आणि विचारलं, जेवायला काय केलंयस?

मी ओट्याशी उभीच राहिले. म्हणजे मी सांगितलं की चढतो आणि मी सांगितलं की उतरतो? एवढी वर्षं मी नुसतीच बोलत होते. जिभेचा उपयोग आज कळला.

८ नोव्हेंबर, शनिवार

संकल्प: कुणाचं वाईट चिंतायचं नाही. फक्त माहिती द्यायची.

विमलाबाईंना देवरुखला फोन केला. आधी पाऊसपाणी, सुपारी, त्यांच्या म्हशीचं दुखणं. मग म्हटलं, विहीणबाई, लसीचं कळलं ना? तुमच्या हिताचं सांगते. निहारच्या शेजारी पिंकी राहते, गुजराती आहे, तिच्या सासूने घेतली ही लस. डावा हात जो गेला तो गेला. वर्ष झालं, वेणी सून घालते, पदरसुद्धा सून काढून देते.

पिंकीची सासू अहमदाबादला असते. मी तिला बघितलेली नाही. पण सासू म्हटल्यावर काही ना काही दुखत असणारच, त्यामुळे हे अगदी खोटं नाही.

मी म्हटलं, आधी बोटांना मुंग्या येतात. मग जीभ जड होते. मग छातीत फडफड. आणि देव न करो, बाळ पायावर असताना हातातली ताकद गेली तर?

विमलाबाई अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, मग मी घेऊ की नको? मी म्हटलं, घ्या ना! अहो, नातवंडासाठी माणूस जीव देतं, हात काय चीज आहे.

फोन ठेवला आणि शिरा केला. हे म्हणाले, आज काय विशेष? म्हटलं, काही नाही, बरं वाटतंय.

९ नोव्हेंबर

विमलाबाईंना व्हॉट्सअॅपवर एक फोटो पाठवला. लुळ्या हाताचा. निहार म्हणतो तो पुतळ्याचा आहे. असेना.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आल्या! मला वाटलं होतं फोन येईल, तब्येत बरी नाही, जमत नाही. तर बाई काशीमिऱ्याला बसमधून उतरल्या. कुळथाचं पीठ, हळीव, डिंक, सुंठ, वेखंड आणि गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी चौकोनी. बेव्हर्ली पार्कला आल्यावर सोडलं. पाट! फणसाच्या लाकडाचा. म्हणाल्या, बाळाच्या न्हाण्याला आणलाय, माझ्या आईचा.

म्हणजे मनात काय आहे ते कळलं.

चेहरा मात्र पांढराफटक. मला कोपऱ्यात घेऊन म्हणाल्या, विहीणबाई, तुम्ही सांगितल्यापासून डोळ्याला डोळा नाही. पण घेणार मी लस. काय व्हायचं ते होवो. बाळाला माझ्यामुळे काही व्हायला नको.

मला रडू आलं. त्यांना वाटलं मायेने.

१३ नोव्हेंबर

निहार ऑफिसला, संपदाला जिने चढायचे नाहीत. कोण नेणार विमलाबाईंना लस द्यायला? मीच म्हटलं, मी नेते. संपदा म्हणाली, आई, तुम्ही किती करता! करते मी. माझा स्वभाव आहे.

रिक्षात हात घट्ट धरला त्यांचा. डावा. म्हटलं, हे बघा, बोटं हलतायत ना आत्ता? छान. बघून ठेवा. रस्ताभर त्या बोटं हलवून बघत होत्या. रिक्षावाला आरशातून बघून म्हणाला, माताजी को क्या हुआ है? मी म्हटलं, अभी नहीं हुआ.

शुभदाबाईंनी दंडाला नुसता स्पिरिटचा बोळा लावला, तोच विमलाबाई खुर्चीत आडव्या. सुई तर अजून कागदातच होती! शुभदाबाईंनी पाणी मारलं, पाय वर करून ठेवले, धीर दिला. मग लस दिली. खुर्ची डावीकडून भिंतीला लागलेली, म्हणून उजव्या दंडाला दिली.

संध्याकाळपर्यंत मी सांगितलेलं एकेक येत गेलं. मुंग्या. जीभ. छातीत फडफड. मी यादी वाचावी तसं, त्याच क्रमाने! आणि शेवटी हात गेला. डावा. सुई टोचली उजव्याला आणि लुळा पडला डावा, कारण मी फोनवर डावा म्हटलं होतं. एवढं शब्द पाळणारं माणूस मी आयुष्यात बघितलं नाही. आमच्या ह्यांना चाळीस वर्षं सांगतेय ओला टॉवेल पलंगावर टाकू नका.

शुभदाबाईंना फोन केला निहारने. त्या म्हणाल्या, लसीचं काही नाही, भीतीने झालंय. पण भीतीने झालं म्हणजे नाटक नाही, त्यांना खरंच हात हलवता येत नसेल. ओरडू नका, धीर द्या, चार दिवसांत बरं वाटेल.

मी म्हटलं, चार दिवस कसले, वर्ष लागतं. विमलाबाई ऐकत होत्या.

१४ नोव्हेंबर

पिंकीकडे गेले होते साखर मागायला. साखर होती आपल्याकडे, पण बातमी कुणाला तरी सांगायला हवी. पिंकी म्हणाली, आंटी, आप तो एकदम फिट हो, आपको कुछ नहीं हुआ? मी म्हटलं, कोंकण का पानी है. पिंकी म्हणाली, वो भी तो कोंकण की है. काहीतरीच बोलते. रायगड वेगळं, रत्नागिरी वेगळं.

विमलाबाई आता बाळाला धरू शकत नाहीत. म्हणजे छोटी खोली मोकळी. उद्या निहार म्हणेल, आई, तूच राहा. पिशवी भरून ठेवली. दोन नऊवाऱ्या, आंघोळीच्या वेळी नेसायच्या, ओल्या झाल्या तरी चालतील अशा.

१५ नोव्हेंबर, शनिवार

पिशवी घेऊन पोचले, तर निहार म्हणाला, आई, तू घरी जा.

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. तर परत म्हणाला. मम्मींची तब्येत अशी, त्यांना या अवस्थेत देवरुखला कसं पाठवायचं? छोट्या खोलीत त्यांनाच ठेवायचं. संपदा त्यांच्या उशाशी बसून रडतेय. तू ठणठणीत आहेस आई, तुझी काही काळजीच नाही. फक्त तेवढा डबा पाठवशील का? मम्मींना मऊ भात लागतो.

मी, जिने दोन नऊवाऱ्या भरल्या, ती रिक्षाने भाईंदरला परत. पिशवी मांडीवर. हे म्हणाले, आलीस? चहा टाक.

१६ नोव्हेंबर

डबा. मऊ भात, मेतकूट, तूप. लिहायला वेळ नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

उत्तनजवळच्या पालीची फिलू आली मासे घेऊन. म्हटलं, मुशी आहे का, आमच्या सुनेला पुढे अंगावरच्या दुधासाठी लागेल, आतापासून करायची सवय करते. फिलू म्हणाली, मुशी न्हाय आज, मांदेली हाय, ताजी हाय, कालची न्हाय. मी म्हटलं, मांदेली दे, विहिणीला आवडतात. ती हसायलाच लागली. म्हणाली, आगो बय, तू मुलाची आय हायस ना? मंग मुलीच्या आयला डबा तू का वाहतंस? ती खाटेवं नि तू चुलीवं, असा उलटा कारभार कवा बगला न्हाय.

कोळणीला काय कळतंय आमच्या घरातलं. दोन मांदेली मात्र जास्त घेतली तिच्याकडून.

२० नोव्हेंबर

विचार केला. आजारी पडलं की लोक जवळ ठेवतात. ठणठणीत राहिलं की डबा. मग मला का नाही साईड इफेक्ट? मलाही लस टोचलीये, माझाही हक्क आहे.

संकल्प: घाबरायचं.

दुपारी भिंतीला टेकून घाबरायला बसले. हाताला मुंग्या येतात, हात जड होतो, असं मनाशी म्हणत राहिले. झोप लागली. चांगली झोप लागली. उठल्यावर खरंच मुंग्या आल्या होत्या, पण पायाला, मांडी घालून झोपले म्हणून.

ह्यांना म्हटलं, मला जरा भीती घाला. हे म्हणाले, तुला? ती सुई घाबरली असेल तुला.

२२ नोव्हेंबर, शनिवार

नवा प्लॅन. विमलाबाईंना आजारी म्हणून ठेवलंय. बऱ्या झाल्या की कशाला ठेवतील? बरं करून टाकायचं, आणि पिशव्या भरून देवरुखला रवाना.

डब्याबरोबर थर्मासमध्ये आल्याचा चहा नेला. विमलाबाईंच्या उशाशी बसून म्हटलं, तुमच्या हिताचं सांगते, शुभदाबाई म्हणाल्यात या चहाने उतरतं. पिंकीच्या सासूचंपण उतरलं, कालच फोन आला, आता गरबा खेळतेय. विमलाबाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी देवळातून आलेय. चहा घेतला. डोळे मिटून बसल्या. मग डावा हात हळूहळू उचलला. खांद्यापर्यंत. डोक्यापर्यंत. संपदाने टाळ्या वाजवल्या. विमलाबाई माझ्या पाया पडल्या, दोन्ही हातांनी.

मी म्हटलं, चला, आता गावी म्हैस वाट बघत असेल.

तर संपदा म्हणते, छे! आता तर मम्मी पूर्ण बरी झाली, लस पण झाली, आता कसलंच टेन्शन नाही, आता मम्मी राहणार आणि सगळं मम्मी बघणार. आणि विमलाबाईंनी उठून पाट पुसला.

येताना रिकामा थर्मास रिक्षात विसरले.

२९ नोव्हेंबर, शनिवार

मुलगी! मुलगी झाली! संपदा बरी आहे. सगळं सुखरूप. मी इस्त्रीवाल्याला मिठी मारणार होते, हे मध्ये आले.

काचेतून बघितलं. नाक माझं. कपाळ माझं. रडतेपण माझ्यासारखी, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. नर्स म्हणाली, आजी, काच धूसर करू नका, मागे व्हा. मी मागे नाही झाले. आज मला कुणीही काहीही सांगा, मी कुणाचं ऐकणार नाही. विमलाबाईंना मी पेढा भरवला. त्या रडल्या, मी रडले. एवढी पण वाईट नाही ती बाई. पाय काड्या आहेत, पण तो काय तिचा दोष.

६ डिसेंबर, शनिवार

निहार डबा घ्यायला स्वतः आला. जिन्यातच म्हणाला, आई, तुझी फार धावपळ झाली, मला समजतं. बाळाची नाळ पडली की पहिली अंघोळ तू घाल. मी संपदाला सांगितलंय.

माझं बोलणं बंद झालं हे बघून निहार घाबरला.

नऊवाऱ्या पुन्हा काढल्या. आज घरी सराव केला. पाटावर बसून पाय लांब केले, पायावर ह्यांची उशी पालथी घातली, तांब्याने पाणी ओतलं. हे म्हणाले, मी आता झोपू कशावर? माझ्या लेकराच्या लेकराची अंघोळ आणि ह्यांना उशी पडलीये.

७ डिसेंबर, रविवार

नाळ पडली. उद्या सकाळी! पोचते मी.

संध्याकाळी बाळाला बघायला गेले होते, तेव्हा विमलाबाई गॅलरीत आल्या माझ्यामागे. आवाज एकदम हळू, मायेचा. म्हणाल्या, विहीणबाई, तुमच्या हिताचं सांगते, रागावू नका. तुमचा उजवा दंड जरा सुजल्यासारखा दिसतो हो. मी म्हटलं, कुठे? तो असाच आहे, भरलेला. म्हणाल्या, असेल, असेल. पण आमच्या गावात धाकूच्या आईने हीच लस घेतली, महिनाभर ठणठणीत. काही नाही म्हणजे काहीच नाही. आणि मग एके दिवशी कळशी उचलायला गेली. कुणाकुणाला उशिरा चढतं. जेवढं ठणठणीत माणूस तेवढं उशिरा.

भोळी आहे बिचारी. माझी काळजी करते. तिला कुठे माहीत की असल्या गोष्टी मीच बनवते. मी मनातल्या मनात हसले.

लस मला उजव्याच दंडाला दिली होती. किती झाले बरं? महिना झाला.

हसले मी. खरंच हसले.

८ डिसेंबर, सोमवार

सगळं नीट होतं. पाणी कोमट. नऊवारी नेसले. पाटावर बसले, विमलाबाईंच्याच, फणसाच्या. पाय लांब केले. संपदाने बाळ आणलं, उघडं, लालबुंद, मुठी आवळलेलं. एवढंसं. माझ्या पायावर ठेवायला वाकली. मी तांब्या उचलायला गेले.

हात उठला नाही.

म्हणजे उठवला मी. तो उठला नाही. बोटांना मुंग्या. छातीत फडफड. जीभ अशी जड की निहार हाक मारता येईना. तांब्या कलंडला, सगळं पाणी माझ्या नऊवारीवर. संपदाने बाळ पटकन उचललं, छातीशी धरलं, जशी काही मी वाघीण.

विमलाबाई म्हणाल्या, अगोबाई, चढलं वाटतं. त्यांनी मला दोन्ही हातांनी उठवलं, खुर्चीवर बसवलं आणि त्या पाटावर बसल्या. पाट अजून माझाच गरम होता.

बाळ पडलं नाही फटीतून.

९ डिसेंबर

डाव्या हाताने लिहितेय. अक्षर वाईट येतंय.

शुभदाबाई म्हणाल्या, आजी, लसीचा इतक्या दिवसांनी असा त्रास नाही होत. हाताला काहीही झालेलं नाही. कुणी काही बोललं का तुम्हाला? मी म्हटलं, मला कोण काय बोलणार? मी काय विमलाबाईंसारखी आहे का, कुणी काही सांगितलं की घाबरणारी? माझं खरं आहे. शुभदाबाई शिकलेल्या आहेत, पण वय लहान आहे.

हे आल्याचा चहा घेऊन आले. स्वतः केला होता म्हणे, शेजारणीला विचारून. म्हणाले, घे, उतरेल, तूच तर सांगितलं होतंस. मी तीन कप प्यायले. काही उतरलं नाही. मला माहितीये ना तो नुसता चहा आहे.

एक मात्र चांगलं झालं. निहार म्हणाला, आई, तू अशी घरी कशी जाशील, इथेच राहा. हॉलमध्ये सोफ्यावर माझं अंथरूण. सूनबाई मऊ भात भरवते. बाळ दहा पावलांवर. शेवटी राहिलेच की नाही मी? माझं म्हणणं नेहमी खरं होतं, फक्त जरा वळसा घालून.

११ डिसेंबर

विमलाबाईंनी माझी वेणी घातली. फार घट्ट घालतात.

१३ डिसेंबर, शनिवार

रोज सकाळी माझी खुर्ची मोरीच्या दाराशी ठेवतात, अंघोळ बघायला. उजवा हात संपदाच्या जुन्या ओढणीत, गळ्यात बांधलेला. विमलाबाई विचारतात, विहीणबाई, पाणी बरोबर आहे ना? मी मान हलवते. तेवढंच विचारतात मला.

आज बाळाला अंगावर पाणी आवडलं. पायावर पालथं होतं, मान वळली आणि माझ्याकडे बघून हसलं. निहार म्हणतो एवढ्या लहान बाळाला हसू येत नाही, तो गॅस असतो. त्याला काय कळतंय. माझ्याकडे बघून हसली माझी चिमणी. माझं नाक फेंदारून हसली. मी पुढे वाकले, दोन्ही हातांनी तिच्यावरून अलाबला घेतली आणि माझ्या कानशिलांवर बोटं मोडली. कडाकडा. दहाच्या दहा.

ओढणी माझ्या गळ्यात नुसती लोंबत होती.

संपदा म्हणाली, आई! हात! निहार आतून धावत आला. हात वर गेला आईचा, दोन्ही! सगळे हसले, निहारने मला धरून गोल फिरवलं. मी पण हसले. म्हटलं, बघा, उतरलं एकदाचं. उद्याची अंघोळ माझी.

संपदा हसायची थांबली. म्हणाली, नको आई. आत्ता बरा झालाय हात, पण भरवसा काय? बाळ पायावर असताना हातातली ताकद गेली तर?

हे वाक्य मी कुठेतरी ऐकलंय.

विमलाबाई बाळाचं अंग पुसत म्हणाल्या, त्यांच्या हिताचंच सांगतेयस गं. निहार म्हणाला, पण डब्याला काही हरकत नाही ना आई? तू आता ठणठणीत आहेस. संध्याकाळी त्यानेच पिशवी भरून रिक्षात ठेवली.

घरी आले. हे म्हणाले, आलीस? चहा टाक.

टाकला. उजव्या हाताने.

उद्या रविवार, फिलू येईल. मुशी मिळाली तर मुशीचं कालवण, भात वेगळा. विमलाबाईंना मऊ लागतो.